निःपक्षपात कोणाच्या बाजूचा?

मेळघाटचा प्रश्न निघाला, की वऱ्हाडातील सुशिक्षित माणूस एक वाक्य हटकून उच्चारतो : ‘आपण निःपक्षपातीपणे विचार केला पाहिजे.’ एका पारड्यात वाघ आणि जंगल, दुसऱ्या पारड्यात कोरकू आदिवासी, आणि तराजू धरणारे आपण, असे चित्र या वाक्यामागे असते. हे वाक्य उच्चारणारे लोक दुष्ट नसतात. त्यांत आपल्या पक्षाचे सहानुभूतीदार असतात, पर्यावरणाच्या चळवळीत प्रामाणिकपणे राबलेली माणसेही असतात. म्हणूनच या वाक्याची तपासणी करणे अगत्याचे आहे. तराजू धरणारा खरोखरच पारड्यांच्या बाहेर उभा आहे काय? आणि असलाच, तर निवाड्याचा अधिकार त्याला दिला कोणी?

चिखलदऱ्याच्या पठारावरून दक्षिणेकडे उतरले, की गाविलगडाच्या रांगेच्या पायथ्याशी पूर्णेचे सपाट खोरे लागते. या खोऱ्याचा फार मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि ओलितालाही कामाचे नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडील व अंजनगाव-दर्यापूरकडील कितीतरी खेड्यांची तहान वान आणि शहानूर या धरणांच्या पाण्यावर भागते, आणि ते पाणी मेळघाटच्या डोंगरात पडते, तेथल्या जंगलामुळे मुरते व झिरपते. म्हणजे मेळघाटचे जंगल राखले जाण्यात मैदानी वऱ्हाडाचा रोकडा हितसंबंध आहे. हा हितसंबंध लाजिरवाणा मुळीच नाही. पण तो आहे, आणि तो असताना आम्ही वाघाच्या बाजूनेही नाही व कोरकूंच्या बाजूनेही नाही असे अकोल्यात किंवा अमरावतीत बसून म्हणणे, हे खटल्यातील पक्षकाराने न्यायाधीशाचा झगा चढवण्यासारखे आहे. स्वतःच्या दाव्यात कोणी स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व तालुक्याच्या कोर्टातील कारकुनालाही ठाऊक असते. मेळघाटच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडतो, कारण येथील दुसऱ्या पक्षकाराचा आवाज घाट उतरून खाली येत नाही.

आधुनिक राजकीय तत्त्वज्ञानाने हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे धसास लावला आहे. जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाचा ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ हा ग्रंथ 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा एका कल्पनाप्रयोगात आहे. समाजाचे मूलभूत नियम ठरवण्यासाठी माणसे जमली आहेत, परंतु त्यांच्यापुढे अज्ञानाचा पडदा सोडलेला आहे. आपण श्रीमंत की गरीब, बलवान की दुबळे, कोणत्या घरी जन्मलो, हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. अशा स्थितीत जे नियम सर्वांना मान्य होतील ते न्याय्य. रॉल्स यांच्या मते हे लोक आधी सर्वांना समान मूलभूत स्वातंत्र्ये देतील आणि मग, संधीची रास्त समानता राखून, सर्वांत तळाच्या माणसाचे हित साधत असेल एवढीच आर्थिक विषमता मान्य करतील.

महाराष्ट्राला ही दुसरी गोष्ट परकी वाटू नये. 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आकाराला आली, 1975 मध्ये शहरातील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसायकर बसवून तिच्यासाठी पैसा उभा करण्यात आला, आणि 1977 मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. मुंबईच्या कचेरीत बसलेल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला रुपया दुष्काळी गावच्या बंडिंगच्या कामावर खर्च व्हावा, ही व्यवस्था रॉल्स न वाचताही येथे उभी राहिली. तिची पुढे जी परवड झाली तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता हा पडदा मेळघाटवर सोडून पाहा. समजा, आपण सेमाडोहला वाघ पाहायला येणारे पर्यटक होऊ, की खारपाणपट्ट्यातील शेतकरी होऊ, की चिखलदरा तालुक्यातील एखाद्या कोरकू घरात जन्माला येऊ, हे आपल्याला ठाऊक नाही. अशा वेळी ‘जंगल राखण्यासाठी आतील गावे उठवावीत’ हा नियम आपण मान्य करू काय? कदाचित करूही. परंतु त्याबरोबर आपण काय काय मागून घेऊ याचा विचार करावा. उठवण्याची खरीच गरज आहे हे आधी सिद्ध झाले पाहिजे, असे म्हणू. आमचे हक्क आधी लिहून द्या, नव्या जागी जमीन व पाणी आधी तयार करा, मगच आमचा संसार हलवा, असे म्हणू. आणि आम्ही रिकामी केलेली जागा दुसऱ्या कोणाच्या चैनीला देणार नाही असे वचन द्या, हे तर नक्कीच म्हणू.

नवलाची गोष्ट अशी, की हे सारे आपल्या कायद्यात अगोदरच लिहिलेले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचे चौथे कलम आणि त्याच वर्षी दुरुस्त झालेला वन्यजीव संरक्षण कायदा एकत्र वाचावा. माणसांच्या वावरामुळे वन्यजीवांची न भरून येणारी हानी होते, हे सिद्ध व्हावे लागते. सहजीवनाचा मार्ग उरलेला नाही, असा निष्कर्ष निघावा लागतो. हक्कांची नोंद पूर्ण व्हावी लागते. ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली संमती लागते. आणि पुनर्वसनाच्या जागी सोयी पूर्ण होईपर्यंत कोणाला हलवता येत नाही. वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत तर आदिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची स्पष्ट कबुली आहे. कायदा इतका चांगला असून व्यवहार इतका लंगडा का, हा प्रश्न ‘अंमलबजावणी नाही’ एवढ्या उत्तराने सुटत नाही. कायद्याने मागितलेली निःपक्षता आणि व्यवहारात चालणारी निःपक्षता या दोन निराळ्या वस्तू आहेत.

व्यवहारातल्या निःपक्षतेचा नमुना म्हणजे ‘कुटुंबामागे दहा लाख रुपये’. 2008 पासून व्याघ्र प्रकल्पातून उठणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम ठरली. 2021 मध्ये ती पंधरा लाखांवर गेली. आकडा सर्वांना एकच आहे. लहान-मोठा, आपला-परका असा भेद त्यात नाही. आणि नेमका म्हणूनच तो अन्यायाचा असू शकतो. जंगलातील गावात सरपण, बांबू, मोह, तेंदूपत्ता, रानभाज्या, ओढ्यातील मासे यांचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण त्यांना बाजारभाव मोजावा लागत नाही. अकोटजवळच्या वसाहतीत यातली प्रत्येक वस्तू पैसे टाकून आणावी लागते. एकाच आकड्याने जी वस्तू भरून काढायची आहे तीच घरागणिक वेगळी आहे : एकाची जमीन गेली, दुसऱ्याची चराई गेली, तिसरा भूमिहीन असूनही जंगलावर जगत होता, आणि कोणत्याही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या म्हातारीचे तर सारेच गेले. अमर्त्य सेन यांनी रॉल्सवर जो मुख्य आक्षेप घेतला तो हाच. साधने समान वाटल्याने माणसे समान समर्थ होत नाहीत. त्या साधनांतून कोण काय करू शकतो, कसे जगू शकतो, ते पाहिले पाहिजे.

सरकारला हे समजत नाही असेही नाही. मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि डोंगरी व आदिवासी भागात वीस हजारांमागे, हा निकष सरकारनेच ठरवला. समान वागणूक म्हणजे न्याय नव्हे, याची ती लेखी कबुलीच आहे. पण घाटातून पायी येणाऱ्या गरोदर बाईच्या दृष्टीने वीस हजार हा आकडाही निरर्थक असतो. तिच्या दृष्टीने मोजायचे असते ते अंतर. 1993 मध्ये मेळघाटातील बालमृत्यू देशभर गाजले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्यानंतरही मेळघाटच्या आरोग्याचा प्रश्न न्यायालयाच्या दारात पुन्हा पुन्हा न्यावा लागला आहे. अ‍ॅडम स्मिथने 1759 च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात मानवी स्वभावावर एक कडवट निरीक्षण नोंदवले होते : दूर चीनमध्ये भूकंपाने लाखो माणसे गेली तरी युरोपातील सज्जन रात्री शांत झोपेल, पण उद्या आपली करंगळी कापली जाणार हे कळले तर त्याला डोळा लागणार नाही. यावर उतारा म्हणून स्मिथने आपल्या मनात एक निःपक्ष प्रेक्षक बसवण्याचा सल्ला दिला. अमरावती ते धारणी हे अंतर चीनइतके नाही. पण करंगळीचा न्याय येथेही लागू पडतो, हे आम्हांला वारंवार दिसले आहे.

स्मिथच्या या प्रेक्षकाचा आधार घेऊन सेन असे सुचवतात, की न्यायाचा विचार करताना दूरच्यांचाही आवाज ऐकावा, म्हणजे आपल्या गावचे पूर्वग्रह गळून पडतात. एरवी आम्हांला हे मान्य आहे. सतीची आणि अस्पृश्यतेची चर्चा जगासमोर गेली हे इष्टच झाले. मेळघाटात मात्र गोष्ट उलटी आहे. येथे दूरचा आवाज नेहमीच मोठा राहिला. एकोणिसाव्या शतकात तो इंग्रज सरकारच्या वनखात्याचा होता. त्याला सागवान हवे होते, आणि लाकूडतोडीला मजूर हवेत म्हणून त्याने जंगलाच्या पोटात वनग्रामे वसवली. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटची निवड झाली. त्या वेळी दूरचा आवाज जगभरच्या वन्यजीवप्रेमींचा होता. आज सुमारे 2,768 चौरस किलोमीटरच्या या प्रकल्पाविषयी दिल्लीत, डेहराडूनला, परदेशांतही मते आहेत. ज्या माणसाला एका सरकारने मजूर म्हणून जंगलात ठेवले, त्यालाच पुढच्या सरकारने अतिक्रमक म्हटले. तेव्हा मेळघाटात निःपक्ष व्हायचे तर जवळचा आवाज आधी ऐकावा लागेल.

येथे एक आक्षेप आमच्यावर येईल, आणि तो हलका नाही. वाघाला तर बोलताच येत नाही. त्याची बाजू कोणी मांडायची? रॉल्स यांनी स्वतः मान्य केले आहे, की त्यांच्या करारात प्राण्यांना स्थान नाही. पडद्यामागे वाघ बसू शकत नाही, म्हणून त्याचे हित मोजायचेच नाही, हे आम्हांला मान्य नाही. वाघ राहिला पाहिजे, आणि वाघ राहण्यासाठी विस्तीर्ण, शांत जंगल लागते, हेही खरे. परंतु मुक्या प्राण्याच्या वतीने जो बोलतो त्याने स्वतःचा लाभ आधी उघड केला पाहिजे. चिखलदऱ्यातच याचे उदाहरण आहे. ज्या डोंगरात कोरकूची शेळी चरली तर गुन्हा होतो, त्याच डोंगराच्या कड्यांवर गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा काचेचा स्कायवॉक सिडकोने हाती घेतला. 407 मीटर लांबीच्या या पुलाला वन्यजीवविषयक परवानगीच्या अडचणी आल्या, तेव्हा त्या दूर करण्यासाठी सारी शासनयंत्रणा झटू लागली. शेळीसाठी असे कोणी झटल्याचे आम्हांला आठवत नाही. पर्यटनाला आमचा विरोध नाही; चिखलदऱ्याच्या पोरांना त्यातून रोजगार मिळत असेल तर तो हवाच. प्रश्न मोजमापाचा आहे. हानी मोजण्याचा गज पर्यटकासाठी एक आणि गुराख्यासाठी दुसरा असेल, तर त्या गजाला निःपक्ष कसे म्हणावे?

दुसरा आक्षेप असा, की पुष्कळ गावे स्वतःहून उठायला तयार होतात. हे खरे आहे, आणि आपल्या काही कार्यकर्त्यांना ते ऐकायला आवडत नाही म्हणून ते खोटे ठरत नाही. तरुणांना रस्ता हवा, वीज हवी, दवाखाना हवा, मुलांना शाळा हवी. पण जंगलात रस्ता मिळणार नाही, कारण वनकायदा आडवा येतो. वीज मिळणार नाही, कारण तोच कायदा आडवा येतो. आणि हे सारे हवे असेल तर खाली चला, असे म्हणून घेतलेल्या होकाराला संमती म्हणायचे काय? रॉबर्ट नोझिक हा तत्त्वज्ञ आमच्या घरचा नव्हे. संपत्तीच्या फेरवाटपाला त्याचा कडवा विरोध आहे, आणि 1974 मधील त्याचा ग्रंथ हा भांडवलशाहीच्या पाठीराख्यांचा धर्मग्रंथ मानला जातो. परंतु त्याच्या उपपत्तीतही एक अट आहे : मालकी मुळात अन्यायाने मिळवली असेल, तर आधी त्या अन्यायाचे परिमार्जन झाले पाहिजे. सागवानाच्या पहिल्या ओंडक्यापासून हा हिशेब मांडला, तर नोझिकच्या न्यायासनासमोरही वनखाते वादी म्हणून उभे राहू शकणार नाही.

बाजारपेठेत आणि महाविद्यालयांत ज्याला तटस्थपणा म्हणतात, त्याचे पितळ महात्मा फुल्यांनी 1882 मध्येच उघडे पाडले होते. हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. शाळेचे दार कागदावर सर्वांनाच उघडे होते. त्या दारातून आत कोण जातो आणि दाराचा खर्च कोण सोसतो, हे फुल्यांनी विचारले. डॉ. राममनोहर लोहियांनी मागासलेल्यांना शेकडा साठ जागा मागितल्या, त्यामागेही हीच दृष्टी होती. विशेष संधीचे तत्त्व मांडणाऱ्या आपल्या चळवळीवर पक्षपाताचा आरोप तेव्हा झाला, आजही होतो. ब्रायन बॅरी या विचारवंताने 1995 मध्ये केलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. आईने आपल्या लेकराकडे आधी पाहावे यात अन्याय नाही. निःपक्ष असायला हवेत ते समाजाचे नियम, प्रत्येक माणसाचे प्रत्येक कृत्य नव्हे. त्याचप्रमाणे कार्यकर्त्याने कोरकूंची बाजू घ्यावी. त्याने मागितलेला नियम मात्र असा असावा, की तो गवळ्यालाही लागू पडेल.

गवळ्यांचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. मेळघाटच्या गावांत कोरकूंबरोबर गवळी, बलई अशी इतर कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. वनहक्क कायद्यात आदिवासीने 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. बिगरआदिवासीला मात्र त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. बाहेरचे धनदांडगे घुसू नयेत म्हणून हा भेद केला गेला, आणि तो हेतू योग्यच आहे. पण ज्या गवळ्याच्या आज्याने कधी कागद पाहिला नाही, तो 1930 सालचा पुरावा कोठून आणणार? आयरिस मॅरियन यंग या विदुषीने निःपक्षतेच्या आदर्शावर टीका करताना म्हटले होते, की प्रबळांचा दृष्टिकोनच सर्वांचा दृष्टिकोन म्हणून मांडला जातो. ग्रामसभेच्या आतही हे घडू शकते. कोरकू बहुसंख्य असतील तेथे गवळ्याचे, आणि सर्वत्रच बायकांचे, म्हणणे बुडण्याचा धोका आहे. ग्रामसभेला देव्हाऱ्यात बसवण्याचे कारण नाही. तीही एक पक्षकारच आहे. फरक इतकाच, की आजवर बाकीचे सारे पक्षकार न्यायाधीश होऊन बसले आणि ही एकटीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

आणि तिच्या हाती कारभार दिला तर काय होते, याचा अनुभवही जवळच आहे. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड झालेले जंगल गावाने राखले, लावले, सीताफळाचे उत्पन्न काढले, आणि 2014 मध्ये त्या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका गावावरून सारा सिद्धान्त उभा करता येत नाही, हे खरे. पण ‘सहजीवन अशक्य’ असे म्हणणाऱ्याने निदान पायविहीरला जाऊन मग म्हणावे.

आता ज्या गोष्टीकडे वऱ्हाडातील आपल्या कार्यकर्त्यांचे लक्ष आम्हांला मुख्यतः वेधायचे आहे, ती सांगतो. 1976 च्या दुरुस्तीपर्यंत विदर्भातील अनुसूचित जमातींची यादी ठराविक तालुक्यांपुरती होती. मेळघाट तालुक्यातील कोरकू हा आदिवासी. तोच घाट उतरून अचलपुरात राहायला आला, की कायद्याच्या लेखी आदिवासी उरत नसे. माणूस तोच, भाषा तीच, दारिद्र्य तेच. नकाशावरची एक रेघ ओलांडली एवढाच त्याचा अपराध. तो मूर्खपणा 1976 मध्ये दूर झाला असे आपण समजत होतो. पण धारणी आणि चिखलदरा हे तालुके पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात, अकोला जिल्ह्यातील एकही तालुका येत नाही. चिखलदरा तालुक्यातून उठून अकोट-तेल्हाऱ्याकडे गेलेल्या गावांची माणसे आदिवासी राहिली, परंतु 1996 च्या पेसा कायद्याने त्यांच्या ग्रामसभेला दिलेले विशेष अधिकार घाटावरच राहिले. दहा लाखांच्या हिशेबात या वस्तूची किंमत कोठे धरली आहे? जानेवारी 2019 मध्ये केलपाणी, गुल्लरघाट या भागांत पुनर्वसित ग्रामस्थ पुन्हा जंगलात परतले, वनखाते व पोलीस यांच्याशी त्यांची चकमक झाली, माणसे जखमी झाली. त्या वेळी वृत्तपत्रांतून कायदा व सुव्यवस्थेची चर्चा पुष्कळ झाली. हिंसेचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ज्या सोयी हलवण्यापूर्वी पूर्ण व्हायला हव्या होत्या त्यांसाठी माणसांना उलट पावली जंगलात यावे लागले, ही गोष्ट त्या चर्चेत तळटीपेइतकीच उरली.

अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत आपले कार्यकर्ते आहेत. पुनर्वसित वसाहती त्यांच्या घरापासून दूर नाहीत. तेथे जाऊन कुटुंबवार तीन गोष्टी लिहून आणाव्यात : जमिनीचा कागद कोणाच्या नावे आहे, उठण्यापूर्वी वनहक्काच्या दाव्याचा निकाल लागला होता काय, आणि संमतीचा ठराव ज्या सभेत झाला तेथे तो कोरकूत समजावून सांगितला गेला की नुसता मराठीत वाचून दाखवला. या वसाहतींना अनुसूचित क्षेत्राचे संरक्षण मिळावे ही मागणी राज्यपालांपुढे आणि केंद्रापुढे न्यावी लागेल, आणि ती या नोंदींवाचून उभी राहणार नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या कार्यकर्त्यांचे काम निराळे आहे. ज्या गावांकडे स्थलांतराचा प्रस्ताव येईल तेथील ग्रामसभेने, न भरून येणाऱ्या हानीचा अहवाल आधी आमच्यापुढे ठेवा, आमच्या भाषेत वाचा, आणि आमचे सामूहिक हक्क निकालात काढा, असा ठराव प्रथम करावा. होकाराचा किंवा नकाराचा ठराव त्यानंतर.